ईद, ३१ मार्च आणि एकट्या दुकानदाराची वही

२०२५ मध्ये ईद ३१ मार्चला आली. रमजान आणि सरकारी आर्थिक वर्ष जवळपास एकाच दिवशी संपले. बदलापूर पश्चिमेच्या सोनिवलीसारख्या वस्तीत या महिन्यात असरच्या नमाजनंतर खजूर, फळे, भजी, शेवयांच्या गाड्या वाढतात. कुणी उल्हासनगरहून तयार कपडे आणतो, कुणी कल्याणच्या बाजार समितीतून फळे. ईद झाली की बरेच जण पुन्हा रिक्षा, रंगकाम किंवा कंपनीच्या पाळीकडे वळतात. थोडे जण मात्र आता हाच धंदा करायचा असे ठरवतात. प्रश्न या थोड्यांचा आहे.

एकट्याच्या मालकीचा धंदा सुरू करणे कायद्याने अवघड नाही. वेगळी कंपनी लागत नाही, मालकाचा पॅन हाच धंद्याचा पॅन. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार कामगार थोडे असतील तर नोंदणीऐवजी केवळ सूचना द्यायची. केंद्राची उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर होते आणि ती पूर्णपणे मोफत आहे. (तरीही तिच्यासाठी एजंटला पैसे मोजणारे कमी नाहीत.) फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. खाद्यपदार्थ विकायचे असतील तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवी.

या सोपेपणाला दुसरी बाजूही आहे. कायद्याच्या नजरेत दुकान आणि दुकानदार एकच. धंद्याचे कर्ज थकले तर ते थेट माणसावर, म्हणजे घरावर येते. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, ते चित्र सगळ्या देशाने पाहिले. अशा पुरात दुकानातला माल भिजतो तेव्हा एकट्या मालकाचे नुकसान वाटून घ्यायला दुसरे कुणी नसते.

१ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात या वर्गासाठी दोन घोषणा झाल्या. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगांना ५ लाख रुपये मर्यादेचे क्रेडिट कार्ड मिळणार होते, पहिल्या वर्षी अशी १० लाख कार्डे. फेरीवाल्यांच्या स्वनिधी योजनेत ३० हजार मर्यादेचे, यूपीआयला जोडलेले कार्ड. घोषणा चांगल्या आहेत. पण सोनिवलीतल्या रोजेदार विक्रेत्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो व्याजाचा. कुरआनच्या सूरह बकरामध्ये व्यापार हलाल आणि व्याज हराम हे एकाच आयतीत सांगितले आहे. बिनव्याजी बँकिंगची शिफारस रघुराम राजन समितीने २००८ मध्ये केली होती. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये तो विषय पुढे न नेण्याचे ठरवले. दरवाजा बंदच राहिला. मग भांडवल येते भिशीतून, मेहुण्याकडून किंवा घाऊक व्यापाऱ्याच्या उधारीतून. आणि हे सगळे आटले की रोज वसुली करणाऱ्या सावकाराकडून. बँकेचे व्याज टाळणारा माणूस कधी कधी त्याच्या कितीतरी पट व्याज भरतो, ही गोष्ट जुम्याच्या बयानात क्वचितच येते.

यावर समाजाच्या हातात काहीच नाही, असे नाही. अबू दाऊदच्या हदीससंग्रहात एका गरजू अन्सारी माणसाची हकिगत आहे. तो मागायला आला तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांनी त्याच्या घरातले कांबळे आणि वाडगा मागवून दोन दिरहमला विकले. एका दिरहमचे घरी अन्न, दुसऱ्याची कुऱ्हाड. कुऱ्हाडीला दांडा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवला आणि पंधरा दिवस लाकडे तोडून विकायला सांगितले. तो परतला तेव्हा त्याच्याकडे दहा दिरहम होते. आपल्याकडे जकात बहुधा रेशनच्या पिशवीत आणि कपड्याच्या जोडीत वाटली जाते. पात्र माणसाला शिलाई मशीन किंवा हातगाडी त्याच्या मालकीची करून दिली, तरी जकात अदा होते. एका मोहल्ल्यातल्या दहा घरांनी मिळून वर्षाला एक गाडी उभी केली, तर तिच्या मागे व्याज नसते आणि हप्ताही नसतो.

गाडी चालू लागली की वही लागते. ती बहुतेकांकडे नाही. गल्ल्यातूनच दूध, शाळेची फी, मोबाइलचे रिचार्ज जाते आणि महिनाअखेरीला नफा झाला की भांडवल खाल्ले, हे कळत नाही. जकातीच्या निमित्ताने मात्र हा हिशेब करावाच लागतो. समजा, दुकानात विक्रीचा माल ६० हजारांचा, गल्ला आणि बँकेत मिळून २५ हजार, ग्राहकांकडून येणे १५ हजार आणि घाऊक व्यापाऱ्याचे देणे ३० हजार. हनफी पद्धतीने देणे वजा जाता उरले ७० हजार. चांदीचा निसाब ६१२ ग्रॅमचा. मार्च २०२५ मध्ये चांदी किलोला लाखाच्या आसपास असल्याने तो ६१ हजारांच्या घरात येत होता. म्हणजे त्या भावाने जकात लागू. अडीच टक्क्यांनी १,७५० रुपये. फ्रिज, काटा, गाडी यांवर जकात नाही. (कोकणी घरे शाफई मसलकची असतात, तिथे देणे वजा करण्याबाबत मत वेगळे आहे, ते मौलानांना विचारावे.)

विक्रीचा माल, येणे, देणे, कायमची साधने. बँकेचा अधिकारी आणि कर सल्लागार हेच चार आकडे मागतात. उद्यमचा क्रमांक कागदावर पाच मिनिटांत मिळतो, हे आकडे मिळत नाहीत. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, असा हुकूम ज्या आयतीत आहे, ती कुरआनमधली सर्वांत लांब आयत आहे. तरी नाक्यावरची उधारी बहुतेक तोंडीच चालते.

एक अडचण राहते. जकातीचे वर्ष चांद्र, सरकारचे सौर. दर साली सुमारे अकरा दिवसांचा फरक. २०२६ मध्ये रमजान ३१ मार्चच्या आधीच संपतो आणि माल दोनदा मोजावा लागतो. २०२५ मध्ये एकदाच मोजून भागत होते. ईदच्या आदल्या रात्री, शेवटचे गिऱ्हाईक गेल्यावर, उरलेल्या शेवयांच्या पुड्यांपासून सुरुवात करता येईल.