आमच्या जागेवर माणूस कधी येणार?

'पोटनिवडणूक' म्हटलं की आपल्या घरात पहिला प्रश्न येतो, "आता आणखी कायले?" आमच्या शेजारच्या काकूंचं मत तर ठरलेलं आहे. "निवडून दिलेला सोडून गेला, तर दुसऱ्या नंबरवाल्याले बसवून द्या. पैसा वाचते."

ऐकायला सोपं वाटतं. पण २०१४ मध्ये भंडारा-गोंदियातून नाना पटोले जिंकले, तेव्हा दुसरे होते प्रफुल्ल पटेल. ज्यांना मतदारांनी नको म्हटलं, त्यांनाच मधल्या दाराने आत घ्यायचं? मग आपण मत दिलं कशाला? पक्ष कोणताही असो, मला हे पटत नाही.

पटोलेंनी डिसेंबर २०१७ मध्ये राजीनामा दिला. त्याच खरिपात आपल्या धानावर तुडतुडा आला होता. भरपाईसाठी बाया-माणसं तलाठ्याकडे खेटे घालत होती. २०१८ चं अख्खं अर्थसंकल्पी अधिवेशन लोकसभेत भंडाऱ्याची खुर्ची रिकामी ठेवून पार पडलं. मतदान झालं ते २८ मे रोजी, ऐन नवतपात. यंत्रं बिघडली आणि ४९ केंद्रांवर ३० मे रोजी पुन्हा मतदान घ्यावं लागलं. डोक्यावर पदर घेऊन बाया दुसऱ्यांदा रांगेत उभ्या राहिल्या. मधुकर कुकडे निवडून आले आणि त्यांच्या वाट्याला वर्षही पूर्ण आलं नाही.

ही निवडणूक होऊ नये म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. ते फेटाळलं गेलं म्हणून निदान खासदार तरी मिळाला.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६ मध्ये कलम '१५१ अ' घातलं गेलं. जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत निवडणूक घ्यायची, असं ते सांगतं. सूट दोनच ठिकाणी : मुदत एक वर्षापेक्षा कमी उरली असेल, किंवा आयोगाने केंद्र सरकारशी बोलून 'अवघड आहे' असं प्रमाणित केलं असेल.

गोम आहे ती या एका वर्षात. ते मोजायचं कुठून? जागा रिकामी झाल्या दिवसापासून, की नवा माणूस निवडून येईल त्या दिवसापासून? २०१९ मध्ये काटोल आणि २०२४ मध्ये अकोला पश्चिम, दोन्हीकडे जाहीर झालेली पोटनिवडणूक नागपूर खंडपीठाने रद्द केली, कारण निवडून येणाऱ्याला वर्षही मिळणार नव्हतं. म्हणजे तारीख लावायलाच उशीर करायचा आणि मग म्हणायचं, आता वेळ उरला नाही!

पुण्याची तर कमालच. मार्च २०२३ मध्ये गिरीश बापट गेले. मुदत वर्षाहून जास्त उरलेली. आयोग म्हणाला, आम्ही दुसऱ्या निवडणुकांच्या कामात आहोत. उच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये ताबडतोब निवडणूक घ्यायला सांगितलं, जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. एवढं मोठं शहर जून २०२४ पर्यंत खासदाराविना राहिलं. आपल्या शेजारच्या चंद्रपुरातही मे २०२३ मध्ये बाळू धानोरकर गेल्यावर तेच झालं.

माझं म्हणणं असं, की कायद्यात स्पष्ट लिहा : वर्ष मोजायचं ते जागा रिकामी झाल्या दिवसापासून. आणि 'अवघड आहे' म्हणायचं असेल, तर महिन्याभरात कारण लेखी जाहीर करा, मतदारसंघातल्या लोकांना वाचता येईल असं. राजीनामा देणाऱ्याकडून खर्चाचा काही वाटा घ्यावा असंही मला वाटतं, पण मृत्यूने रिकामी झालेली जागा वेगळी धरायला हवी.

काकूंना हे सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "बाई, राशनचं दुकान चार दिवस बंद असलं तर आपण तहसीलदाराले विचारतो. खासदार सहा महिने नसला तर कोणाले विचारायचं, हेच कोणी सांगतलं नाही."