थंडीत बी घरात रुजवा, रोप रानात न्या



मार्गशीर्ष सरत आला की माजलगावच्या परिसरात सकाळचा गारठा अंगात शिरतो. ज्वारी पोटऱ्यात असते, हरभऱ्याला घाटे धरू लागतात आणि घराघरांत उन्हाळी माळव्याचा विचार सुरू होतो. टरबूज करावे का, खरबूज करावे का, काकडी लवकर आणता येईल का, याची बोलणी होतात. बियाण्याची पाकिटे आणली जातात. आणि मग जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ठरलेली तक्रार माझ्या कानी येते, "साहेब, बी उगवलंच नाही. दुकानदारानं फसवलं."

कधी बी खरेच वाईट निघते. पण या दिवसांत पुष्कळ वेळा दोष थंड मातीचा असतो. आजच्या लेखात थंडीत बी रुजवायचे कसे, आणि कोणत्या दिवशी, एवढेच सांगतो.

माझ्याच चुकीची गोष्ट

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी सिंदफणेच्या काठच्या एका गावी एका कुटुंबाने माझ्या सांगण्यावरून वीस गुंठे टरबूज लावायचे ठरवले. घरची शेळी विकून बियाण्याचे पैसे उभे केले होते. मी माझ्या वहीतली तारीख पाहून जानेवारीचा पहिला आठवडा सांगितला. त्यांनी सऱ्या पाडल्या, बी टोकले, पाणी दिले. दहा-बारा दिवस झाले तरी शिवारात एक मोड दिसेना. घरधनी दुकानदाराशी भांडायला निघाला होता.

मी रानात जाऊन दोन-चार ठिकाणी माती उकरली. बी फुगलेले होते, दाबले की आतून पांढरा चिखल बाहेर येई. तेवढ्यात घरातली म्हातारी ओल्या फडक्याची पुरचुंडी घेऊन आली. उरलेल्या पाकिटातले मूठभर बी तिने तीन दिवसांपूर्वी भिजवून चुलीमागे ठेवले होते. पुरचुंडी सोडली तर बहुतेक बियांना पांढरे कोंब आलेले. ती म्हणाली, "साहेब, बी मेलेलं नव्हतं बाबा. रानात गारठलं."

पाकीट तेच, पाणी तेच, फरक फक्त उबेचा होता. दुकानदार निर्दोष होता, चूक माझ्या तारखेची होती. उरलेल्या बियांत त्यांचे जेमतेम निम्मे रान झाले. ते नुकसान त्यांनी सोसले, मी नाही. म्हणून तेव्हापासून तारीख सांगण्याआधी मी रात्रीचा पारा विचारतो.

बी का रुजत नाही?

मेथी, पालक, कोबी, गाजर, वाटाणा यांचे बी थंडीला भीत नाही. टरबूज, खरबूज, काकडी, दोडका, कारले ही मात्र उबेची पिके. त्यांचे बी 25 ते 35 अंश सेंटिग्रेड उबेत चार ते सहा दिवसांत वर येते. माती 15-16 अंशांच्या खाली गेली की ते पाणी पिऊन नुसते पडून राहते, आणि पडून राहिलेले बी बुरशी गाठते. मिरची, वांगी, टोमॅटो यांनाही 20 ते 30 अंश ऊब मानवते.

आपल्याकडे थंडी किती पडते, हे परभणीवरून कळते. तिथल्या कृषी विद्यापीठात डिसेंबर 2018 मध्ये पारा पाच अंशांच्याही खाली आला होता. शिवाय आपली काळी जमीन ओल धरून ठेवते आणि सकाळी उशिरा तापते. त्यावर पहाटेचे गार पाणी दिले की बियाला न्हाणीघरात कोंडल्यासारखे होते. मंजरथला सिंदफणा गोदावरीला मिळते, तिथे वाळू आहे. वाळू उन्हात लवकर तापते. नदीपात्रातल्या टरबूज-खरबुजाच्या वाड्या पाहून काळ्या रानात तशीच घाई करू नये.

उपाय जुनाच आहे

युरोप-अमेरिकेच्या थंड मुलखात वसंत लागेपर्यंत रात्री दहिवर गोठते. तिथली माणसे शेवटच्या गोठत्या रात्रीचा अंदाज घेऊन सहा ते आठ आठवडे मागे मोजतात आणि टोमॅटोचे बी घरात, खिडकीशी, कुंडीत टाकतात. लडाखात जमिनीत चर खणून वर पॉलिथीन अंथरतात आणि त्या उबेत भाजी काढतात. आपली थंडी तेवढी कडक नाही, म्हणून आपल्याला दोन-तीन आठवड्यांचीच सोय करावी लागते.

यात आणखी दोन फायदे आहेत. फेब्रुवारीत हरभरा निघेपर्यंत रान अडकलेले असते, तोवर रोपे अंगणात वाढतात. आणि कालव्याच्या पाळीची वाट पाहणाऱ्याला हे ठाऊक आहे की, रानातले बी उगवायला पूर्ण भिजवण लागते, अंगणातल्या रोपांना रोज दोन-तीन झाऱ्या पुरतात.

तारीख उलटी मोजा

प्रथम रोप रानात कधी न्यायचे ते ठरवा. सलग चार-पाच रात्री पारा 15 अंशांच्या वर राहू लागला की रान तयार झाले असे समजा. आपल्याकडे बहुधा हे फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात घडते. रथसप्तमी झाली की थंडी गेली, असे आपण म्हणतो. पण 2024 साली रथसप्तमी 16 फेब्रुवारीला होती आणि 2025 साली 4 फेब्रुवारीला. म्हणून नुसत्या तिथीवर विसंबू नका. भिंतीवरचा साधा तापमापक स्वस्त मिळतो. तो सकाळी सात वाजता रानात दोन इंच मातीत खोचून पाहा.

समजा 5 फेब्रुवारीला लावणी करायची आहे. तर थंडीचे वाढीव दिवस धरून हिशेब असा:

मिरची व वांगी – 40 ते 45 दिवस आधी, म्हणजे 22 ते 27 डिसेंबरला बी टाका.
टोमॅटो – 30 दिवस आधी, म्हणजे 6 जानेवारीच्या सुमारास.
टरबूज, खरबूज, काकडी, दोडका, कारले – 15 ते 18 दिवस आधी, म्हणजे 18 ते 21 जानेवारीला.

वेलवर्गीय रोपाला दोन खरी पाने आली की ते लावलेच पाहिजे. त्याची मुळे कोंडली की पुढे वेल खुरटतो. म्हणून वेलाचे बी फार आधी टाकण्यात शहाणपण नाही. भेंडी आणि गवार रानातच टोकावी. त्यांचे बी रात्रभर भिजवले की पुरे.

कसे रुजवावे?

टरबुजाचे बी कोमट पाण्यात दहा-बारा तास भिजवा. कारल्याचे कवच टणक असते, ते पूर्ण दिवस भिजवा. मग ओल्या, पण पाणी न टपकणाऱ्या फडक्यात बांधून उबेला ठेवा. कडब्याच्या गंजीत, भुशाच्या पोत्यात किंवा चुलीच्या बाजूच्या कोनाड्यात ठेवले तरी चालते. ऊब किती हवी? बाळंतिणीच्या खोलीत असते तेवढी. हात लावून चटका बसता कामा नये. ताज्या उकिरड्याच्या पोटात बी कधीही पुरू नये, तिथली उष्णता साठ अंशांवर जाते आणि बी शिजते.

इथे एक सावधगिरी भगिनींनी नीट ध्यानात घ्यावी. पाकिटातले लाल, निळे, हिरवे बी औषध चोळलेले असते. ते विष आहे. त्याला स्वयंपाकाचे भांडे, पोळीचे फडके लावू नये. भिजवलेले पाणी जनावरांच्या किंवा कोंबड्यांच्या तोंडी जाऊ देऊ नये, पोरांचा हात पुरचुंडीला लागू देऊ नये. त्या म्हातारीचे सगळे बरोबर होते, एवढे मात्र चुकले होते. अशी पुरचुंडी चुलीजवळ न ठेवता गंजीत किंवा भुशातच ठेवावी.

दीड-दोन दिवसांनी रोज उघडून पाहा. कोंब तिळाएवढा झाला की बी लगेच पेरा. कोंब लांबला तर हाताळताना मोडतो. मिरची, वांगी, टोमॅटो यांचे बारीक बी न मोडवता थेट पाव इंच खोल टाकावे.

वेलांसाठी वर्तमानपत्राचे पेले, पळसाचे द्रोण किंवा ट्रे वापरा. तळाला भोक हवेच. दोन भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग चाळलेले, पूर्ण कुजलेले शेणखत, असे मिश्रण करा. त्यात थोडी ट्रायकोडर्मा भुकटी मिसळली तर मर कमी होते. ट्रेमध्ये कोकोपीट सोयीचे. कोंब खाली करून बी अर्धा ते पाऊण इंच खोल ठेवा.

हिशेबासाठी एक उदाहरण. सऱ्यांत दोन मीटर आणि दोन रोपांत अर्धा मीटर अंतर ठेवले तर गुंठ्याला साधारण 100 रोपे बसतात. दहा गुंठ्यांना 1000 रोपे लागतील. तूट धरून 98 खणांचे 12 ट्रे भरा. ते दोन बाजांच्या जागेत मावतात.

उजेड विसरू नका

बी रुजायला ऊब लागते, पण कोंब मातीवर आला की त्याला ऊन लागते. पुष्कळ जण इथेच चुकतात. थंडी बाधेल म्हणून रोपे घरातच ठेवतात. मग ती सुतासारखी लांब, पिवळी होतात आणि मान टाकतात. पहिला मोड दिसला त्याच दिवशी ट्रे अंगणात किंवा माळवदावर पूर्वेच्या उन्हात आणा.

रात्रीसाठी बांबूच्या कामट्यांच्या कमानी करून वर पॉलिथीन टाका. पॉलिथीन पानांना टेकू देऊ नका. गारठा जास्त असेल त्या रात्री त्यावर गोणपाट घाला. एक फूट खोल आणि चार फूट रुंद खड्डा खणून त्यात ट्रे ठेवले तर मातीची ऊबही मिळते. मात्र सकाळी नऊच्या सुमारास पॉलिथीन काढलेच पाहिजे. दुपारच्या उन्हात ते तसेच राहिले तर रोपे आत उकडून जातात. ही जबाबदारी घरातल्या एका माणसाकडे नेमून द्या. सगळ्यांवर सोपवलेले काम कोणीच करत नाही.

पाणी सकाळी ऊन आल्यावर झारीने द्या. रात्री उघड्यावर राहिलेल्या हौदापेक्षा विहिरीचे ताजे पाणी कोमट असते. संध्याकाळी पाणी दिले तर रोपे रात्रभर ओलीत राहून बुडातून कोलमडतात. टरबुजाच्या बियांवर उंदीर टपलेले असतात, म्हणून ट्रे बाजेवर किंवा उंचावर ठेवा. मिरची-टोमॅटोवर बारीक नायलॉनची जाळी घाला, कारण पांढरी माशी आणि फुलकिडे विषाणूचे रोग रोपांतच देऊन जातात.

शेवटचे पाच-सहा दिवस पाणी थोडे कमी करा आणि रात्रीचे आच्छादन हळूहळू काढा, म्हणजे रोप कणखर होते. लावणी उन्हे कलल्यावर करा, आणि लगेच पाणी द्या. कागदाचा पेला असेल तर मुळांना धक्का न लावता पेल्यासकट लावता येते.

भांडायला जाण्यापूर्वी

पाकीट आणले की त्यातले वीस दाणे मोजून फडक्यात, उबेला ठेवा. आठवड्याने किती मोडले ते पाहा आणि पाकिटावर छापलेल्या उगवणशक्तीशी ताडा. वीसपैकी चौदा म्हणजे शंभरात सत्तर. घरच्या उबेतही बी रुजले नाही, तर दोष बियाण्यात असण्याचा संभव मोठा. तेव्हा पावती, पाकीट आणि उरलेले बी घेऊन तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. पण उबेत बी रुजले आणि रानात रुजले नाही, तर माती गार होती. अशा वेळी पुन्हा बी विकत आणून त्याच गार मातीत टाकू नका. उरलेले घरात रुजवा.

परसबागेसाठी तर हे काम अगदी हलके आहे. चार कारली, पाच-सहा दोडके, दोन-तीन दुधी, वीस टोमॅटो आणि पंधरा मिरच्या एवढी रोपे एका टोपल्यात तयार होतात आणि उन्हाळ्यात घरच्या कालवणाची चिंता मिटते.

यंदा आपल्या गावी सकाळचा पारा किती उतरला आणि बी किती दिवसांत वर आले, ते एका वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तुमच्या रानाची तारीख तुम्हाला त्या वहीतच सापडेल, आणि ती माझ्या तारखेपेक्षा खरी असेल.