लेखी मागावें

आमच्या शेजारचा एक मुलगा सातवींत आहे. दोनदां ऐकलेलें स्तोत्र तो बिनचूक म्हणतो. परंतु तेंच पुस्तकांतून वाचावयास दिलें कीं 'कमल'चें 'कलम' होतें, आणि चार ओळी उतरवितांना अर्धा तास जातो. घरीं त्यास आळशी म्हणत, शाळेंत मठ्ठ. अशा मुलांस आम्हीहि बाकावर उभें केलें आहे. त्यांतील एकाचा खालीं घातलेला चेहरा आम्हांस अजून आठवतो. या मुलास डिस्लेक्सिया आहे, असें तपासणींत ठरलें. वाचन-लेखनाची ही अडचण बुद्धि चांगली असतांहि असूं शकते.

त्याची आई शाळेंत तीनदां जाऊन आली. "बघूं, बाई," यापलीकडे उत्तर नाहीं. आजोबांचा तर दाखल्यासच विरोध. "एकदां कागद झाला कीं पोर कायमचें अपंगांत जमा. आमच्या घराण्यांत हें नको." आम्ही म्हटलें, "अण्णा, कागद नसतांहि सारा वर्ग त्यास मठ्ठ म्हणतोच आहे. कागदानें निदान खरें नांव तरी लागेल." अण्णा उठून आंत गेले.

१९९५ च्या अपंगविषयक कायद्यांत या अडचणीचा उल्लेख नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत २१ प्रकार आहेत व त्यांत ही अध्ययन-अक्षमता आहे. मुलाची अडचण लवकर ओळखून शिकविण्यांत योग्य ते उपाय योजावे, हें सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांकडून अपेक्षित आहे. परीक्षेस जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेंतून सूट, या सवलती कायद्यांत नांवानिशीं दिल्या आहेत. तेव्हां आईबापांनीं शाळेच्या दारीं याचकासारखें कां उभें राहावें?

तोंडी विनंती हवेंत जाते. अर्ज लिहावा, त्यांत तारीख, इयत्ता, मुलास नेमकें काय जमत नाहीं तें, आणि नेमकें काय हवें तें. "लक्ष द्यावें" हें मागणें नव्हे. "घटक-चाचणीस जादा वेळ मिळावा" हें मागणें. सोबत सरकारी रुग्णालयाच्या दाखल्याची प्रत. तपासणीस दिवस लागतात, म्हणून दहावीच्या तोंडावर धांवाधांव करूं नये. अर्जाच्या दोन प्रती न्याव्या व एकीवर शाळेचा शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्यावांचून परतूं नये. शिक्षकाशीं मात्र भांडूं नये. साठ मुलांचा वर्ग संभाळणें काय असतें, तें आम्ही जाणतों.

आईच्या मसुद्यांत 'कृपा' हा शब्द चार वेळां आला होता. आम्ही तीन खोडले; एक सौजन्यासाठीं राहूं दिला.

गेल्या सोमवारीं अर्ज दिला. कारकुनानें पोच देण्यास आढेवेढे घेतले. परंतु या खेपेस सूनबाईंबरोबर अण्णा होते, आणि शिक्का उमटेपर्यंत ते खुर्चीवरून हलले नाहींत.