सुट्या भागांचा महागडा प्रवास

नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात मालवाहू जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि भारत-युरोप मार्गावरील अनेक जहाजांना सुवेझ कालवा टाळून आफ्रिकेला वळसा घालावा लागला. प्रवास लांबला, भाडे वाढले. देवनहळ्ळीच्या एरोस्पेस पार्कसारख्या औद्योगिक क्षेत्रांसाठी हा अनुभव बोलका आहे. आराखड्यानुसार धातूचे मोजकेच भाग मागवणाऱ्या लघुउद्योगांना भाडेवाढीची झळ अधिक बसते. विमानतळ शेजारी असला, तरी वजनदार भागांना विमानभाडे परवडत नाही. एकत्रित मागणी नोंदवून पूर्ण कंटेनर भरल्यास काही बचत होते. परंतु खरी बचत फेऱ्या कमी करण्यात आहे. बेळगाव जिल्ह्यातील हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात फोर्जिंग, मशिनिंग आणि पृष्ठभागावरील प्रक्रिया एकाच आवारात होतात. जहाजाचे भाडे ठरवणे उद्योजकांच्या हाती नाही. सुट्या भागाने किती प्रवास करावा, हे मात्र त्यांना ठरवता येते.