गोलरक्षकाचा न्याय

संघाच्या विजयात ज्याचे नाव क्वचित घेतले जाते आणि पराभवात ज्याचे नाव सर्वांच्या आधी निघते, त्या गोलरक्षकाच्या प्राक्तनाचा विचार करू लागलो की हंगेरीच्या ग्युला ग्रोशिच यांचे स्मरण अपरिहार्यपणे होते. 1952 चे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवणाऱ्या आणि 1953 साली वेम्बलीवर इंग्लंडचा 6-3 असा दर्पभंग करणाऱ्या संघाचे हे काळ्या पोशाखातील गोलरक्षक. खांबांमध्ये खिळून न राहता गोलक्षेत्राबाहेर धावत जाऊन, पायाने चेंडू दूर सारून ते बचावपटूचेही काम करीत, आणि आज रूढ झालेली ही रीत त्या काळी धाडसाची गणली जाई.

परंतु 1954 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना बर्न येथे पश्चिम जर्मनीने हंगेरीविरुद्ध 3-2 असा जिंकला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हंगेरीच्या सरकारने हेरगिरीच्या संशयावरून त्यांना नजरकैदेत टाकले. पुरावा काहीच हाती लागला नाही. तरीही होनवेदसारख्या मातब्बर संघातून त्यांची रवानगी तातबान्या या खाणकामगारांच्या गावी झाली. पुढे फेरेन्तस्वारोश संघात जाण्याची परवानगीही दप्तरशाहीने नाकारली.

त्याच फेरेन्तस्वारोश संघाने 2008 साली, त्यांच्या वयाच्या 82 व्या वर्षी, त्यांना एका मैत्रीपूर्ण सामन्यात काही क्षण गोलपुढे उभे केले. हा गौरव हृद्य खरा. पण खेळाडूच्या उमेदीची वर्षे हिरावून घेणाऱ्या सत्तेच्या अपराधाचे परिमार्जन अशा समारंभांनी होत नसते.