बारीक धारेचे निदान

गेल्या हिवाळ्यात 72 वर्षांचे एक गृहस्थ दवाखान्यात आले. दोन्ही पावलांवर मोठाले फोड होते. वेदनेची तक्रार मात्र जवळजवळ नव्हती. मधुमेह जुना, त्यामुळे तळपायांची संवेदना बरीचशी गेलेली. चौकशी करता कळले, की मुलाने वडिलांच्या सुरक्षिततेसाठीच न्हाणीघरात थर्मोस्टॅटिक शॉवर बसवला होता. पुढे त्याची धार बारीक होत गेली. "अंग भिजायलाच दहा मिनिटं लागायची, डॉक्टर. मग मी गीझरच्या नळाखाली सरळ बादली लावायला लागलो," ते म्हणाले. भाजण्याचे कारण त्या बारीक धारेत होते.

वाचकहो, पाणी किती लवकर भाजते याची आपल्याला कल्पना नसते. 60 अंश सेल्सिअसचे पाणी प्रौढ माणसाची त्वचा साधारण पाच सेकंदांत खोलवर भाजू शकते. लहान मुलांची व वृद्धांची त्वचा पातळ असल्याने त्यांना त्याहूनही कमी वेळ पुरतो. दुसरीकडे, गीझरमधील पाणी फार कोमट ठेवले, तर लिजिओनेला जातीचे जंतू त्यात वाढू शकतात व शॉवरच्या तुषारांवाटे फुप्फुसांत पोहोचू शकतात. म्हणून टाकीत पाणी 60 अंशांचे आणि अंगावर 38 ते 40 अंशांचे, हीच योग्य व्यवस्था होय. थर्मोस्टॅटिक मिक्सर नेमके हेच काम करतो. त्याच्या पोटातील कार्ट्रिजमध्ये मेणासारखा पदार्थ असतो. तो उष्णतेने प्रसरण पावतो, थंडीने आकुंचन पावतो आणि गरम व थंड पाण्याचे प्रमाण सांभाळतो.

एका बाजूचे पाणी कमी पडले, की ठरलेले तापमान राखण्यासाठी हे यंत्र दुसऱ्या बाजूचे पाणीही आवरते. म्हणून तापमान ठीक, पण धार बारीक, असे चित्र दिसते. अशा वेळी रोग्याप्रमाणेच त्याचीही क्रमाने तपासणी करावी.

पहिला प्रश्न : घरातील इतर नळांची धार कशी आहे? सर्वच नळ मंद असतील, तर दोष शॉवरचा नसून गच्चीवरील टाकीचा, कॉकचा किंवा पंपाचा आहे. सर्वांत वरच्या मजल्यावर टाकी शॉवरपेक्षा दोन-तीन मीटरच उंच असते. दहा मीटर उंचीमागे सुमारे एक बार दाब मिळतो, हे लक्षात घेतले, तर तेथे अशा मिक्सरला पुरेसा दाब का मिळत नाही ते कळेल. पंप बसवायचा झाल्यास तो गरम व थंड या दोन्ही वाहिन्यांना समान दाब देईल, असाच बसवावा.

दुसरा प्रश्न : शॉवरचे तोंड काढल्यावर धार वाढते का? वाढत असेल, तर छिद्रांत क्षार साचले आहेत. बोअरवेलच्या वा टँकरच्या पाण्यात हे नेहमीचेच. पांढरे व्हिनेगर व पाणी समप्रमाणात घेऊन त्यात ते तोंड तासभर बुडवावे आणि जुन्या टूथब्रशने घासावे.

तिसरा प्रश्न : तापमानाची कळ थंडाकडे फिरवल्यावर धार जोरदार आणि गरमाकडे फिरवल्यावर बारीक होते का? तसे असल्यास अडथळा गरम बाजूला आहे. मिक्सरच्या दोन्ही प्रवेशमुखांशी बहुधा बारीक जाळी व नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. जाळीत रेती व क्षारांचे कपचे अडकतात. गीझरचे बटण बंद करून, पाणी निवू देऊन, दोन्ही कॉक बंद करून प्लंबरकडून त्या साफ करून घ्याव्यात. तरीही फरक पडला नाही, तर कार्ट्रिज आखडले असावे; ते बदलावे. महिन्यातून एकदा कळ या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवल्यास ते सहसा आखडत नाही.

दुरुस्तीनंतर एक परीक्षा अवश्य घ्यावी. शॉवर सुरू ठेवून, अंग व हात दूर ठेवून थंड पाण्याचा कॉक बंद करावा. काही सेकंदांत गरम पाणीही थांबले पाहिजे. न थांबल्यास तो शॉवर वापरू नये. शिवाय, धार वाढवण्यासाठी 38 अंशांवरील सुरक्षा-बटण काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नये.

एवढे करूनही कोणी भाजलेच, तर भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट, शाई यांपैकी काहीही लावू नये. फोड फोडू नयेत. मूल, वृद्ध किंवा मधुमेही असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

त्या गृहस्थांच्या शॉवरमधील गरम बाजूची जाळी रेतीने भरली होती. ती साफ करायला अर्धा तास लागला. त्यांच्या जखमा भरून यायला मात्र सात आठवडे लागले. आपल्या घरातील शॉवरची धार बारीक झाली असेल, तर या रविवारी तेवढा अर्धा तास काढावा.