तारेवरची कसरत

पगार सुरू झाला की विशलिस्टमध्ये काय काय असतं? बाईक, नवा मोबाईल, गोव्याची ट्रिप... आणि हो, ब्रेसेस! शाळेत असताना ‘दातांवर एवढा खर्च?’ म्हणून राहून गेलेलं काम आता आपण स्वतःच्या ईएमआयवर उरकतो. डॉक्टर सांगतात, दीड-दोन वर्षं लागतील. मग आपण तारा निघण्याच्या दिवसाची वाट बघत बसतो.

पण बॉस, त्या दिवशी आरशात काय दिसेल हे अर्धं आपला ब्रश ठरवतो. दात रांगेत येतात, पण ब्रॅकेट होतं त्याच्या भोवती खडूसारखे पांढरे डाग राहिले तर? ब्रॅकेटच्या कडेला अन्न अडकतं, तिथे जंतूंचा चिकट थर साचतो. आपण काही गोड खाल्लं की हे जंतू त्यातून आम्ल तयार करतात आणि ते इनॅमलमधले क्षार विरघळवतं. सफाईत ढिलाई झाली तर महिन्याभरातही डाग दिसू शकतात. पुढे ते थोडे फिके होतात, पण पूर्ण जातीलच याची गॅरंटी नाही. दुर्लक्ष केलं तर तिथेच कीड लागते.

नागपुरात हे सांभाळणं तसं सोपं. ऑफिसचं वॉशरूम आहे, कोपऱ्यावर केमिस्ट आहे, काही तुटलंच तर डॉक्टर जवळ. खरी परीक्षा सुटीत गावाला गेल्यावर. माझं गाव अर्जुनी मोरगाव, गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेकडचं. धानाची शेतं, तलाव आणि शेजारी नवेगावबांधचं जंगल. पहिल्याच दिवशी मोठीमायने विचारलं, ‘‘काय वं, तोंडात तारेचं कंपाउंड घातलं काय?’’ सगळं घर हसलं. मीही!

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडई भरते. गावोगावी पाहुणे, रात्रभर नाटक. घरोघरी जायचं आणि प्रत्येक घरी गोड चहा, सोबत चिवडा, करंजी. ‘नाही’ म्हणायची सोय नाही. आता गंमत बघा. दातांसाठी किती साखर खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली हे जास्त महत्त्वाचं असतं. प्रत्येक कपानंतर साधारण अर्धा तास तोंडात आम्लाचा जोर राहतो. म्हणजे दुपारभर सहा घरी सहा कप, तर दातांना उसंतच नाही! माझा फंडा सोपा आहे. गोड एकाच घरी, जेवणासोबत. बाकी ठिकाणी बिनसाखरेचा चहा, आणि निघताना पाण्याची खळखळून चूळ.

नाटकाच्या मंडपाबाहेरचे फुटाणे आणि ऊस मात्र थेट बाद. कडक घास चावला की ब्रॅकेट निघालंच म्हणून समजा. आणि खर्रा? ‘एक चुटकी घे ना’ म्हणणारा मित्र प्रत्येक गावात असतो. त्यातली सुपारी ब्रॅकेट उखडते, तंबाखू दात रंगवते. शिवाय तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कॅन्सरला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालच्या अहवालात स्पष्ट सांगितलंय. तेव्हा मित्राला मंडईत चहा पाजा, खर्रा नको.

आजोबांच्या पिढीने कडुलिंबाच्या काडीवर दात टिकवले, हे खरं. पण काडी तारेखाली पोचत नाही आणि जोर लागला तर तार वाकते. इथे ब्रशच हवा.

बॅगेत हे हवंच

• मऊ ब्रश आणि फ्लोराईडची पेस्ट. ब्रश तिरपा धरून आधी ब्रॅकेटच्या वर, मग खाली, शेवटी चावायची आणि आतली बाजू. दोन मिनिटं तरी हवीतच. प्रत्येक जेवणानंतर केलं तर उत्तम, पण झोपण्यापूर्वीचं चुकवायचं नाही. नाटक पहाटे संपलं तरी!

• इंटरडेंटल ब्रश. बाटली धुवायच्या ब्रशचं पिटुकलं भावंड. तारेखालून दोन ब्रॅकेटच्या मध्ये फिरवायचं. गावात मिळेलच असं नाही, म्हणून दोन जास्तीचे ठेवा.

• ऑर्थो वॅक्स. तार गालाला टोचली तर मेणाची गोळी करून त्यावर दाबायची.

• छोटा आरसा. पालकाचं पान ऑफिसच्या मीटिंगमध्ये दिसण्याआधी आपल्याला दिसलेलं बरं.

ब्रॅकेट सुटलंच तर स्वतः ओढायचं, चिकटवायचं नाही. फोटो काढून डॉक्टरांना पाठवा आणि त्यांचा सल्ला घ्या. अर्जुनीहून नागपूर शंभर किलोमीटरच्या वर आहे, तेव्हा निघण्याआधीच एक चेकअप करून घेतलेला परवडतो. हिरड्यांतून रक्त आलं तर घाबरून ब्रश बंद करू नका. बहुतेक वेळा सफाई कमी पडतेय असाच त्याचा अर्थ असतो. हलक्या हाताने नीट घासा, आठवड्यात थांबलं नाही तर दाखवा.

दात सरळ करायचे पैसे आपण डॉक्टरांना दिलेत. ते स्वच्छ ठेवायचं काम मात्र कुणालाच आऊटसोर्स करता येत नाही. रोजची काही मिनिटं, दीड-दोन वर्षं. ईएमआय समजा आणि एकही हप्ता चुकवू नका!